उंचीचा वर्ग आणि बाईचे वजन

१९९८-९९ साली दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पथके खेड्यापाड्यांतून आणि शहरांतल्या चाळींतून हिंडू लागली, तेव्हा प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यांसमवेत त्यांच्या सामानात वजनाचा एक काटा आणि उंची मोजण्याची एक फळी होती. आणि १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत जो काटा केवळ लेकरांसाठी बाहेर निघाला होता, त्यावर आता त्या लेकरांच्या आयांनाही उभे राहण्यास सांगण्यात आले. १५ ते ४९ वर्षे वयाच्या, विवाह झालेल्या स्त्रियांची ही मोजदाद मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झाली, किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्यात आले, आणि जो भागाकार हाती आला त्यावरून देशातील शंभरांपैकी सुमारे ३६ बायका कृश आणि सुमारे ११ स्थूल ठरल्या. आज आपण ज्याला सर्रास बीएमआय म्हणतो आणि शासकीय परिभाषेत ज्याला शरीर वस्तुमान निर्देशांक असे भारदस्त नाव आहे, त्याची आणि भारतीय स्त्रीची राष्ट्रव्यापी दप्तरातली पहिली गाठ ही अशी पडली.

त्यानंतरच्या पाव शतकात हा आकडा सर्वत्र शिरला. दवाखान्याच्या केसपेपरवर तो आला, विम्याच्या अर्जात आला, व्यायामशाळेच्या भिंतीवर चढला, आणि पूर्वी रेल्वे फलाटावरच्या रंगीत यंत्रात नाणे टाकून वजनासोबत भविष्याचीही एक ओळ मिळवणाऱ्या मुंबईकर बाईच्या मुलीला तो आता हातातला फोनच न विचारता सांगू लागला. त्याबरोबर त्याची स्तुती झाली आणि निंदाही झाली. माझे मत असे की या दोन्ही गोष्टी उतावळेपणाने होतात, कारण हा आकडा मुळात कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मास आला याची चौकशी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आणि ती घेऊ गेले असता असे दिसते की निरनिराळ्या काळी निरनिराळ्या दप्तरांनी त्याला निरनिराळे प्रश्न विचारले, आणि त्यांपैकी फारच थोडे प्रश्न कोणा बाईच्या मनात उद्भवलेले होते.

माणसाला तराजूत बसवणे आपल्याला अपरिचित नव्हते. १६६५ साली सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली, ही गोष्ट मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. परंतु त्या तराजूत देहाचे वजन हे दानाचे माप होते, देहाविषयीचा निवाडा नव्हे. निवाडा करावयाचा तो वैद्याने, आणि वैद्याजवळ काटा नव्हता, डोळे होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अष्टौनिंदितीय नावाचा जो अध्याय आहे, त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचीही गणना निंदित देहांत केली असून त्या दोघांत कृश बरा असा कौल दिला आहे. आणि स्थूलाचे लक्षण सांगताना उदर, नितंब आणि स्तन यांच्या ठायी वाढलेल्या, हालचालीसरशी हिंदकळणाऱ्या मेदमांसाकडे बोट दाखवले आहे. मेद किती आहे याइतकेच तो कोठे आहे याकडे त्या शास्त्रकाराचे लक्ष होते, ही बाब पुढच्या हकिगतीसाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण आधुनिक शास्त्राला तेथे परत येण्यास बराच वळसा पडला.

ज्याने उंचीच्या वर्गाचा हा हिशेब प्रथम मांडला तो वैद्य नव्हताच. अडॉल्फ केटले हा १७९६ साली बेल्जियममधील गेंट येथे जन्मलेला गणिती आणि खगोलवेत्ता. ब्रुसेल्सची वेधशाळा उभारण्याचे श्रेय त्याचे. एकाच ताऱ्याचे वेध दहा जणांनी घेतले तर दहा किंचित भिन्न आकडे येतात आणि सत्य त्यांच्या मध्याशी कोठेतरी असते, ही खगोलवेत्त्यांची रीत त्याने आकाशातून उतरवून माणसांवर लावली. खानेसुमाऱ्या, गुन्ह्यांची दप्तरे, जन्ममृत्यूंच्या नोंदी, हजारो स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे, जे मिळेल ते त्याने गोळा केले आणि त्या सर्वांतून ‘सरासरी मनुष्य’ नावाची एक कल्पित व्यक्ती घडवली. १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात वजन आणि उंची यांच्या संबंधाचे विवेचन आहे. सर्व बाजूंनी सारख्याच प्रमाणात वाढणाऱ्या वस्तूचे वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढावयास हवे. परंतु प्रौढ माणसे तशी नसतात, उंच माणूस ठेंगण्याची फुगवलेली प्रतिकृती नसतो, आणि म्हणून प्रौढांत वजन साधारणतः उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते, असे त्याने दाखवले. स्थूलतेशी त्याला काही एक कर्तव्य नव्हते. माणसाच्या वाढीत नियम आहे की नाही, एवढेच त्याला पाहावयाचे होते. परंतु एक गोष्ट त्याच्या पदरात घातली पाहिजे: त्याने स्त्रियांना वगळले नाही. दोहोंचे तक्ते त्याने स्वतंत्र दिले, आणि पुरुषाचे वजन चाळिशीच्या सुमारास कमाल गाठते तर स्त्रीचे पन्नाशीच्या सुमारास, असे त्याचे एक निरीक्षणही त्यात आहे. स्त्रीच्या देहाचा कालक्रम वेगळा आहे हे, म्हणजे, हिशेबाच्या पहिल्याच पानावर लिहिलेले होते. पुढच्या कारकुनांनी ते पान उलटले आणि पुन्हा म्हणून उघडले नाही.

केटलेचा भागाकार यानंतर शंभरावर वर्षे अडगळीत पडून राहिला, आणि तेवढ्या अवकाशात वजनाचा कारभार विमा कंपन्यांच्या हाती गेला. त्यांचा प्रश्न सरळ आणि रोखठोक होता: हा विमेदार हप्ते पुरते भरण्यापूर्वी मरेल काय? न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन लाइफ या कंपनीत लुई डब्लिन हे संख्याशास्त्री होते. त्यांच्या देखरेखीखाली कंपनीने १९४२ साली स्त्रियांसाठी आणि १९४३ साली पुरुषांसाठी ‘आदर्श’ वजनांची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि १९५९ साली ती सुधारताना ‘आदर्श’ऐवजी ‘इष्ट’ असे जरा नरम विशेषण योजले. प्रत्येक उंचीसमोर लहान, मध्यम आणि मोठा बांधा असे तीन रकाने असत. पण आपला बांधा कोणता हे कसे ठरवावयाचे, याचा खुलासा त्या कोष्टकांत नसल्यामुळे ज्या बाईला जो रकाना सोयीचा वाटे तो तिने आपला मानावा, अशी एक सुखद मोकळीक त्यात आपोआप राहिली होती. १९५९ च्या कोष्टकात स्त्रीची उंची दोन इंची टाचांचे बूट घालून धरलेली आहे, ही गंमतही नमूद करण्याजोगी. जगातल्या अनवाणी चालणाऱ्या बायकांची संख्या पाहता हे प्रमाण किती दूरवर लागू पडणार, असा प्रश्न कंपनीला पडण्याचे कारण नव्हते. तिला आपल्या विमेदारांपुरतेच पाहावयाचे होते, आणि विमेदार म्हणजे मुख्यतः अमेरिकेतला खाऊनपिऊन सुखी असलेला, गोरा वर्ग. दोष द्यावयाचा तर तो त्या कोष्टकांना समस्त मनुष्यजातीचे शास्त्र समजून वापरणाऱ्यांना दिला पाहिजे.

याच सुमारास, १९४७ मध्ये, फ्रान्समधील मार्सेय येथे झाँ व्हाग नावाच्या वैद्याने एक निराळीच वाट दाखवली होती. दोन रुग्ण सारखेच लठ्ठ असूनही एकाला मधुमेह आणि हृदयविकार होतात व दुसऱ्याला होत नाहीत, याचे इंगित वजनात नसून मेदाच्या ठिकाणात आहे, असे त्याचे प्रतिपादन होते: मांड्यांवर आणि नितंबांवर मेद साठवणारी स्त्रियांची रीत तुलनेने निरुपद्रवी, आणि धडाच्या वरच्या भागावर साठवणारी पुरुषांची रीत घातक, ज्या स्त्रीचा मेद पुरुषी रीतीने बसतो तिला धोका पुरुषासारखाच. चरकाच्या निरीक्षणापाशी इतक्या जवळ आलेले हे संशोधन कित्येक वर्षे उपेक्षित राहिले. कारण उघड आहे. ठिकाण पाहण्यासाठी माणसाकडे पाहावे लागते. वजन पाहण्यासाठी काट्याकडे पाहिले की भागते.

केटलेच्या भागाकाराला आजचे नाव मिळाले ते १९७२ साली, आणि ते देणारा अॅन्सेल कीज हा मिनेसोटा विद्यापीठातला शरीरक्रियाशास्त्रज्ञ विसाव्या शतकातील आहारशास्त्राचा एक मोठाच कर्ता पुरुष होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या शिध्याची पाकिटे त्याच्या प्रयोगातून निघाली, महायुद्धाच्या अखेरीस ३६ स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवून उपासमारीचे शास्त्र त्याने लिहिले, आणि भूमध्य सागराकाठच्या लोकांचा आहार हृदयास हितकर असल्याचे मत जगात रूढ केले तेही त्यानेच. विमा कंपन्यांच्या कोष्टकांचा त्याला मनस्वी तिटकारा होता, आणि त्यांना दूर सारण्यासाठी वजन व उंची यांच्या कोणत्या सूत्राचा शरीरातील मेदाशी उत्तम मेळ बसतो याची त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर तपासणी केली. अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका अशा पाच देशांतील सात हजारांहून अधिक लोकांची मापे त्यांनी घेतली, त्वचेच्या घड्या चिमट्याने मोजल्या, आणि अखेर केटलेचे सूत्र फार उत्तम नसले तरी इतरांपेक्षा वाईट नाही आणि वापरण्यास सोपे आहे, असा माफक निष्कर्ष काढला. या सात हजारांत स्त्री एकही नव्हती. कीजने हे लपवले नाही, पुरुषांचीच मापे घेतली असे स्पष्ट लिहिले. परंतु सूत्राला नाव मिळाले, नावाला प्रतिष्ठा मिळाली, आणि त्या नामकरणाच्या समारंभाला निम्मी मनुष्यजात हजर नव्हती याची आठवण हळूहळू पुसली गेली.

ही गैरहजेरी क्षुल्लक नाही. समान बीएमआय असलेल्या स्त्रीच्या आणि पुरुषाच्या शरीरात मेदाचे प्रमाण सारखे नसते. स्त्रीचे ते बरेच अधिक असते, आणि ते तसे असणे निसर्गाच्या योजनेतच आहे, कारण गर्भ आणि स्तन्य यांची तरतूद त्याच साठ्यातून व्हावयाची असते. मग स्त्रियांसाठी निराळी सीमारेषा असावी काय? अमेरिकेत १९८५ साली भरलेल्या एका तज्ज्ञसभेने खरोखरच ती निराळी आखली होती: पुरुषांना २७.८ आणि स्त्रियांना २७.३, अर्थात हा भेद शरीरशास्त्रातून आलेला नसून ज्या पाहणीवरून रेषा आखली त्या पाहणीतील आकड्यांच्या वाटणीतून आलेला होता. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेने तोही पुसून टाकला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गाने जाऊन सर्वांसाठी २५ ही एकच सरहद्द मुकरर केली, तेव्हा एका रात्रीत कोट्यवधी अमेरिकन, अंगावर छटाकभरही न चढता, अतिवजनी ठरले.

आमच्या देशाशी ज्या सीमारेषेचा खरा संबंध होता ती मात्र वरची नसून खालची होती, आणि तिचा उगम मेदाच्या नव्हे, भुकेच्या चिंतेत होता. प्रौढ माणसाची दीर्घकालीन उपासमार कशी ओळखावी, असा प्रश्न १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय संस्थांपुढे होता. मुलांसाठी वाढीचे तक्ते होते, प्रौढांसाठी काहीच नव्हते. १९८८ साली फिलिप जेम्स, अॅना फेरो-लुझी आणि जॉन वॉटरलो या तिघांनी बीएमआयचीच फूटपट्टी उलट दिशेने धरली आणि १८.५ च्या खाली दीर्घकालीन ऊर्जान्यूनता, १७ च्या खाली मध्यम आणि १६ च्या खाली तीव्र, अशा पायऱ्या बांधल्या. जो आकडा मिनेसोटात अतिभोजनाचा साक्षीदार म्हणून उभा केला होता, तोच येथे अपुऱ्या भाकरीची साक्ष देऊ लागला. १९९८-९९ च्या पाहणीत छत्तीस टक्के बायका कृश निघाल्या त्या याच रेषेने. आणि मला वाटते, या आकड्याच्या साऱ्या कारकीर्दीत त्याने केलेले सर्वांत प्रामाणिक काम हेच असेल. घरात शेवटी जेवणारी, उरलेसुरले खाणारी बाई कोणाही अंमलदारापुढे कैफियत मांडण्यास आली नव्हती. तिच्या वतीने ती एका भागाकाराने मांडली.

तरी त्या कृशतेच्याही पोटात आणखी काही दडलेले होते, आणि ते पुण्याच्या आसमंतात उघडकीस आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी १९९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभला. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची मापे गर्भ राहण्यापूर्वीच घेऊन ठेवावयाची, मग गर्भारपणात आहार, कष्ट आणि रक्त तपासावयाचे, मग नवजात अर्भक मोजावयाचे, आणि तेथे न थांबता ते मूल वाढेल तसतसे मोजत जावयाचे, असा हा दीर्घ पल्ल्याचा बेत होता. या माता विशीच्या आसपासच्या, सरासरी पाच फुटांच्या आतबाहेरच्या उंचीच्या, आणि त्यांचा सरासरी बीएमआय सुमारे १८. म्हणजे १९८८ च्या पायऱ्यांवरून पाहता गावातली सरासरी सूनच ऊर्जान्यून ठरत होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव यांनी याच मातांच्या आहाराचा आणि श्रमांचा जो तपशील गोळा केला, त्यातून शेतावरची आणि घरातली कष्टाची कामे ज्यांच्या वाट्याला अधिक त्यांची अर्भके लहान, आणि हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध ज्यांच्या पानात वरचेवर त्यांची अर्भके मोठी, असा संबंध दिसला. किती खाल्ले याच्या जोडीला काय खाल्ले, आणि खाल्ल्यावर किती राबावे लागले, हेही हिशेबात धरणे भाग पडले. काट्याला यांपैकी काहीच दिसत नाही.

खरा अचंबा अर्भकांनी दिला. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर साउथॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. पोट लहान, दंड बारीक, स्नायू तोकडे. सर्वच मापांत पुण्याचे मूल मागे. परंतु खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची घडी चिमट्यात धरली तेव्हा तेथील मेदाचा थर इंग्लिश अर्भकाच्या फारसा मागे नव्हता. म्हणजे टंचाईच्या काळात गर्भाने स्नायूंचा खर्च कापला आणि मेदाची ठेव जपली. बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त असा हा देह घेऊन मूल जन्मास येते, आणि पुढे अन्नाची ददात मिटली, शहराची हवा लागली, की हीच ठेव मधुमेहाच्या रूपाने व्याजासकट वसूल होऊ लागते, अशी याज्ञिकांची उपपत्ती आहे. तिच्यातील प्रत्येक दुवा निर्विवाद आहे असे नाही. पण पुणे-मुंबईकडे मधुमेह इतक्या तरुण वयात आणि इतक्या बेताच्या वजनावर का गाठतो, या कोड्याला हात घालणारी याहून समर्पक उपपत्ती माझ्या पाहण्यात नाही.

२००४ साली याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन यडकिन या त्यांच्या स्नेह्याने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एकाच पानाचा एक मजकूर आपल्या दोघांच्या छायाचित्रासह छापला, आणि तो पुढे वैद्यकाच्या वर्गावर्गांत दाखवला जाऊ लागला. दोघांचाही बीएमआय २२.३. यडकिनांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एका छायाचित्राने जे सांगितले ते पन्नास कोष्टकांना सांगता आले नव्हते. छायाचित्रात पुन्हा दोन पुरुषच होते, हे खरे. तरी याज्ञिकांच्या बाजूने त्या सहा खेड्यांतल्या शेकडो बायका न दिसता उभ्या होत्या असे मी समजतो, कारण हे बोलण्याचा अधिकार त्यांना त्या बायकांच्या मापांनीच दिला होता.

मग युरोपीय अंगकाठीवर बेतलेली २५ ची रेषा आम्हाला कशी लागू पडावी? याच २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसभेने आशियाई लोकांचा विचार करून, जागतिक रेषा कायम ठेवावी परंतु २३ आणि २७.५ येथे सावधगिरीच्या खुणा रोवाव्यात, असा काहीसा सरकारी थाटाचा, दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा निर्णय दिला. भारतीय वैद्यांनी २००९ मध्ये अधिक धीट होऊन २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता असे ठरवले, आणि त्याबरोबर स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरांच्या आत असावा अशी जोड दिली. याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते एका पाच फूट उंचीच्या बाईवर मांडून पाहावे. तिचे वजन ४३ किलोंच्या खाली असेल तर ती कृश. ५३ किलोंच्या थोडी पुढे गेली की भारतीय हिशेबाने अतिवजनी. ५८ किलोंवर भारतीय वैद्य तिला स्थूल म्हणेल, तर जागतिक संघटना नुसतीच अतिवजनी म्हणून सोडून देईल आणि सुमारे ७० किलो होईपर्यंत स्थूल म्हणणार नाही. म्हणजे ६० किलोंची हीच बाई पुण्यात स्थूल असते, आणि लंडनमध्ये मुलीच्या घरी जाऊन तिने डॉक्टर गाठला, आणि त्याने तिचे मूळ विचारात घेतले नाही, तर ती केवळ थोडीशी जास्त भरलेली ठरते. देह बदललेला नाही, दप्तर बदलले आहे.

पाहण्यांचा क्रम मात्र चालू राहिला, आणि या पाव शतकाचा खरा आलेख त्यांच्यातच आहे. १९९८-९९ मध्ये देशातील ३५.८ टक्के स्त्रिया कृश; २००५-०६ च्या तिसऱ्या पाहणीत, आता अविवाहितांनाही धरून, ३५.५, मग दहा वर्षांचे खिंडार पडून २०१५-१६ मध्ये २२.९ आणि २०१९-२१ मध्ये १८.७. दुसरीकडे २५ वा त्यावरील बीएमआयच्या स्त्रिया १०.६ वरून १२.६, मग २०.६, मग २४. शतकाच्या आरंभी आमची चिंता अर्धपोटी बाईची होती. वीस वर्षांनी तराजूचे दुसरे पारडे खाली गेले. महाराष्ट्रात २०१५-१६ साली ही दोन पारडी जवळपास तंतोतंत समतोल होती, कृश २३.५ टक्के आणि अतिवजनी २३.४, पुढच्या पाहणीत कृश २०.८ पर्यंत उतरल्या आणि अतिवजनी होत्या तेथेच राहिल्या. एकाच राज्यात, कधी एकाच तालुक्यात, या दोन्ही बायका शेजारीशेजारी नांदतात, आणि सरासरी काढली तर दोघीही नाहीशा होऊन कोणालाच न भेटलेली एक निकोप बाई कागदावर उरते. केटले असता तर त्याला ती फार आवडली असती.

शिवाय येथे २५ चीच रेषा धरली आहे. भारतीय वैद्यांची २३ ची धरली तर दुसरे पारडे आणखी खाली जाते. आणि पाचव्या पाहणीने काट्याच्या जोडीला प्रथमच मोजपट्टीही नेली. कंबर आणि नितंब यांच्या घेराचे गुणोत्तर ०.८५ वा त्याहून अधिक असणे स्त्रीला धोक्याचे मानतात. तसे असलेल्या स्त्रिया शंभरांत ५६.७ निघाल्या. काटा २४ बायकांना हटकतो, मोजपट्टी त्यांच्या दुपटीहून अधिक बायकांना. ज्या बाईचा बीएमआय २२ आहे आणि जिला डॉक्टर ‘वजन अगदी योग्य’ म्हणून घरी पाठवतो, तिचे पोट कोणी मोजलेलेच नसते. मार्सेयच्या वैद्याचे म्हणणे घराघरांत पडताळून पाहण्यास आम्हाला सत्तर वर्षे लागली.

स्त्रीच्या आयुष्यात हा आकडा एकाच अर्थाने वाचताही येत नाही. वीस वर्षांच्या मुलीचा तो फार खाली गेला तर पाळी थांबते, आणि तो वर चढताना पाळी अनियमित होऊ लागली तर बीजकोषांच्या विकाराची शंका घ्यावी लागते. रजोनिवृत्तीच्या सुमारास पुष्कळ बायका सांगतात की वजन आहे तेवढेच आहे पण पोट सुटले. ती तक्रार अक्षरशः खरी असते, कारण त्या वयात स्नायू घटतात, मेद मांड्यांवरून पोटाकडे सरकतो, आणि बीएमआय मात्र जागचा हलत नाही. सत्तरीच्या पुढे तर पारडे उलटे फिरते: तेथे कृश बाईला मोडक्या खुब्याचे भय अधिक, आणि थोडे भरलेले अंग तिला पडझडीत आधारच देते, अशा आजीला नातवंडांच्या फोनवरचा आकडा दाखवून जेवण कमी करावयास लावणे हा शुद्ध अविचार होय.

गर्भारपणात तर हा आकडा वाचूच नये. पाहण्यांच्या हिशेबातून गरोदर स्त्रिया आणि नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रिया वगळलेल्या असतात. तेथे कामाचा असतो तो गर्भ राहण्यापूर्वीचा आकडा, कारण नऊ महिन्यांत वजन किती वाढावे हे त्यावर अवलंबून असते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली ठरवलेल्या प्रमाणानुसार कृश स्त्रीचे साडेबारा ते अठरा किलो वाढावे, मध्यम बीएमआयच्या स्त्रीचे साडेअकरा ते सोळा, आणि स्थूल स्त्रीचे पाच ते नऊ. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग झाला, त्यात गर्भ राहण्याच्या आधीपासून स्त्रियांना पालेभाजी, सुकी फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज देण्यात आला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि अर्भकाच्या वजनाला लाभ झाला तो मुख्यतः ज्यांचा मूळचा बीएमआय बरा होता त्यांच्यात. जी बाई अगदीच कृश होती, तिच्या अर्भकाच्या वजनात फरक दिसला नाही. बहुधा तिच्या देहाने ते अन्न आधी आपल्या स्वतःच्या थकबाकीत जमा करून घेतले असावे.

जानेवारी २०२५ मध्ये भारतीय वैद्यांनी आपले २००९ चे मत सुधारले आणि स्थूलतेच्या दोन अवस्था कल्पून नुसत्या आकड्यासोबत कमरेचा घेर आणि अवयवांची हालहवाल पाहण्याचे ठरवले; त्याच महिन्यात ‘लॅन्सेट’च्या एका आंतरराष्ट्रीय आयोगानेही बीएमआय एकट्याने रोगाचे निदान करण्यास अपुरा आहे, मेदाचे माप वेगळे घ्यावे आणि त्याने देहाच्या कार्यात बिघाड झाला आहे की नाही ते तपासावे, असा अहवाल दिला. दोन्ही निर्णय उचित आहेत, आणि मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत त्यांची अंमलबजावणी होण्यास अडचण दिसत नाही. अडचण आहे ती याच्या अलीकडची. पाचव्या पाहणीप्रमाणे देशातील शंभर मातांपैकी तिसांची गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तपासणीच झालेली नव्हती. त्या जेव्हा उपकेंद्रात पोहोचल्या तेव्हा बाळाचे, पाण्याचे आणि वाढलेल्या रक्ताचे वजन त्यांच्या वजनात आधीच मिसळून गेलेले होते. ज्या आकड्यावरून त्यांच्या आहाराचा हिशेब सुरू व्हावयाचा, तो त्यांच्या कार्डावर लिहिताच येत नाही, आणि परिचारिका त्या रकान्यात त्या दिवशी काट्याने दाखवले तेवढे वजन भरून पुढच्या बाईला बोलावते.